मंचाला टेकलेला कॉम्प्युटर

विश्वंभरबुवांच्या चिजा नीट रेकॉर्ड झाल्या नाहीत, तर फायदा एकट्या हेरंब कागवाडेचा होता. हे गणित मी मिरजेच्या आमच्या संगीत मंडळाच्या मागच्या खोलीत, ऐन मे महिन्यात, पुठ्ठ्याने वारा घेत घेत मांडलं. त्याच क्षणी कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला होता.

बुवा खेमनट रागातली एक चीज गात होते. अंतरा सुरू झाला आणि कॉम्प्युटरने एक सुस्कारा टाकून डोळे मिटले. बुवांची पाठ स्क्रीनकडे होती, तरी ते लगेच थांबले. दर वेळी तसेच थांबायचे. हात मांडीवर ठेवून म्हणाले, "गेला?"

"गेला, बुवा," हेरंब म्हणाला.

"मी असताना तो गेला, हे बरं झालं. उलटं झालं असतं तर तुमची पंचाईत होती."

बुवांची थट्टा अशी असायची. हसावं की नाही ते कळायचं नाही.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"तापला, बाई. आतले पंखे गेलेत. दोन फिरतच नाहीत. तिसरा फिरतो, पण नुसता गुरगुरतो."

"मग आजवर सांगितलं का नाहीस?"

हेरंबने माझ्याकडे न बघता बुवांकडे बघितलं. "चालत होतं तोवर चालवलं."

मी जन्मभर अकरावी-बारावीला बुककीपिंग शिकवलं. हेरंबलाही शिकवलं होतं, म्हणून चाळिशी गाठली तरी तो मला बाईच म्हणायचा. कुठलाही व्यवहार समोर आला की जमेच्या बाजूला कुणाचं नाव आहे ते आधी बघायचं, ही खोड मला तिथूनच लागली. नवरा गेल्यावर लोकांनी सांगितलं, मन रमवा, तेव्हा मी मंडळाची खजिनदार झाले. गाण्यातलं मला फार कळत नाही. बेरीज चुकली तर मात्र कळतं.

इथे बेरीज अशी होती. बुवांकडे त्यांच्या गुरूंच्या चिजा होत्या. कुठे छापलेल्या नव्हत्या, कुणी गात नव्हतं. बुवांनी त्या संपूर्ण दिल्या होत्या त्या फक्त हेरंबला. आता बुवांचं वय झालं होतं, आणि जूनमध्ये त्यांचा मुलगा त्यांना कायमचं बडोद्याला नेणार होता. त्याआधी सगळं रेकॉर्ड करून ठेवायचं आणि ज्याला शिकायचं त्याला ऐकायला द्यायचं, असं मंडळाने ठरवलं होतं. म्हणजे रेकॉर्डिंग झालं तर चिजा सगळ्यांच्या. नाही झालं तर चिजा हेरंबच्या. ऐकायच्या तर त्याला बोलवा, शिकायच्या तर त्याच्या पायाशी बसा. आणि रेकॉर्डिंग करणारा कोण? तोच.

अशा व्यवहाराला वर्गात शिकवताना मी एक शब्द वापरायचे. इथे नको.

"खजिनदारीणबाई," बुवा मंचावरून उतरताना म्हणाले, "यंत्राला ताप आलाय तर त्याला औषध आणा. या पोरावर डोळे वटारून ताप उतरत नाही."

"डोळे नाही वटारले, बुवा. बघत होते."

"तुमचं बघणंच तसलं आहे."

दोघं बाहेर गेल्यावर मी खोली बघितली. भिंतींना जाड घोंगड्या लावलेल्या. मध्ये बुवांच्या बैठकीचा लाकडी मंच, वीतभर उंच. आणि त्या मंचाला अगदी चिकटून, पाठ टेकून बसल्यासारखा, कॉम्प्युटरचा तो मोठा काळा डबा. एका सभासदाच्या नातवाने गेम खेळून टाकून दिलेला आणि सभासदाने उदार मनाने दान केलेला. रेकॉर्डिंगच्या खोलीत गुरगुरणारी वस्तू गायकाच्या मांडीला टेकवून कोण ठेवतं?

हेरंब परत आला तेव्हा मी सहज विचारलं, "हा इतका जवळ का ठेवलाय? पलीकडे कोपऱ्यात ठेव की."

"मायक्रोफोनची वायर पुरत नाही, बाई."

"असं होय."

तो गेल्यावर मी मागे वाकून बघितलं. वायरचं चांगलं मोठं वेटोळं सुतळीने बांधून डब्यामागे ठेवलेलं होतं. ती अंगणापर्यंत पुरली असती.

मी वेटोळं होतं तसंच ठेवलं. पण पंखे आणायला त्याच्याबरोबर जायचं ठरवलं.

*

स्टेशन रोडला मगदुमांचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. मगदूम म्हणजे हसतमुख, पोटावर मोबाइल ठेवून बसणारा माणूस. त्याने काउंटरवर पंखे मांडले. हाताच्या तळव्याएवढे, चौकोनी चौकटीतले.

"बघा बाई, आधीच सांगतो. पंख्यात वारा बघायचा, आवाज बघायचा आन् किंमत बघायची. तिन्ही मनासारखं कुनाला घावत न्हाई. दोन धरायचं, एक सोडायचं."

"स्थळ बघायला आल्यासारखं वाटतंय," मी म्हणाले.

"तसंच हाय की ओ! फरक एवढाच, आमच्याकडं वर्षाची गॅरंटी असती."

पहिला पंखा स्वस्त. त्यात लाल-निळे दिवे. मगदुमाने वायर जोडली तसा तो भेळवाल्याच्या गाडीसारखा उजळला आणि खडखडायला लागला. दुसरा मधला. सात पात्यांचा, साधा काळा. तो जोरात फिरला की एकसारखा हुंकार द्यायचा. तिसरा मोठा, रुंद, चौकटीच्या कोपऱ्यांना रबराची बुडं लावलेला. मगदुमाने तो लावला आणि आम्ही तिघं वाट बघत राहिलो.

"लावा की," मी म्हणाले.

"लावलाय, बाई. फिरतोय."

कागदाचा कपटा धरला तेव्हा तो फडफडला. आवाज म्हणून नाहीच. किंमत मात्र मधल्याच्या तिप्पट.

"हा द्या. तीन," मी म्हणाले.

मी महाग वस्तू एका शब्दात पसंत केली, हे बघून मगदुमाचा मोबाइल पोटावरून घसरला. मिरजेत माझी ख्याती वेगळी होती.

"हा नको," हेरंब म्हणाला.

"का?"

"महाग आहे."

"खजिनदार मी आहे की तू?"

"तसं नाही. हळू फिरतो. वारा पुरणार नाही."

"न्हाई ओ, कागवाडे सर," मगदूम मध्ये पडला. "मोठा हाय न्हवं. हळू फिरून बी तेवढाच वारा देतो. ह्यो गार ठेवनार म्हंजे ठेवनार."

हेरंबची दोन्ही कारणं काउंटरवरच पडली. तिसरं त्याच्याकडे असणार, पण ते त्याने काढलं नाही. त्याने मधला पंखा उचलला, पुन्हा जोडायला लावला, डोळे मिटले आणि कान जवळ नेला. ओठ न उघडता काहीतरी गुणगुणला. थांबला. पुन्हा गुणगुणला.

"दुसरा द्या. हाच, पण दुसरा नग."

दुसरा झाला, तिसरा झाला. प्रत्येकाला कान. मगदूम माझ्याकडे झुकून कुजबुजला, "बाई, सर पंखा घ्यायला आल्यात का तंबोरा?"

"तेच बघतेय मीही."

"माझ्या दुकानात आजवर जो आला त्यो म्हनला, आवाज नको. आवाज निवडून घेनारा गिऱ्हाईक पहिलाच."

शेवटी हेरंबने एक नग बाजूला ठेवला. "हा चांगला आहे. आणि याला वेग कमी-जास्त करायचं बटन मिळेल?"

"मिळंल की."

"काय करायचंय बटन?" मी विचारलं.

"लागतं, बाई."

कमिशनचा संशय मी तिथेच खोडून टाकला. कमिशन खाणारा माणूस महाग मालाकडे बोट दाखवतो, स्वस्ताकडे नाही. मग राहिला एकच हेतू, आणि तो मी आधीच मांडला होता. रेकॉर्डिंगमध्ये गुरगुर राहिली की ते कुणी दुसऱ्यांदा ऐकणार नाही. मग चिजा जिथे आहेत तिथेच राहतील.

मी मोठे गप्प पंखे घेतले आणि मंडळाच्या नावाची पावती केली. हेरंबने तो मधला पंखा आणि बटन स्वतःच्या खिशातून घेतलं.

"हा कुणासाठी?"

"घरी लागतो."

"तुझ्याकडे तर लॅपटॉप आहे."

"भावाकडे."

त्याचा भाऊ जयसिंगपूरला किराणा दुकान चालवायचा आणि हिशेब अजून पाटीवर लिहायचा. मी दुकानाच्या पायऱ्या उतरताना एवढंच म्हणाले, "भावाला गारवा लागो."

*

पंखे बसले. दुसऱ्या दिवशी खोली इतकी शांत झाली, की बाहेरच्या हॉलमधल्या घड्याळाची टिकटिक आत यायला लागली. मी उठून घड्याळातला सेल काढून ठेवला. डबा माझ्यासमोर मंचापासून लांब, कोपऱ्यात नेऊन ठेवायला लावला. हेरंबने वेटोळं सोडलं. वायर पुरली. आमची नजरानजर झाली. तो खाली बघून सुतळी गुंडाळत बसला.

बुवा आले. काठी भिंतीला टेकवली, मंचावर चढले, बसले. उजवा तळवा मंचाच्या फळीवर टेकवला. ते नेहमीच तसे बसायचे. नमस्काराची पद्धत असावी असं मी धरलं होतं. थोडा वेळ तसेच राहिले.

"यंत्र बंद आहे का रे?"

"चालू आहे, बुवा. नवीन पंखे बसवलेत. आवाज करत नाहीत."

"अस्सं."

हेरंबने रेकॉर्डिंगचं बटन दाबलं, तंबोरा घेतला आणि छेडायला लागला. बुवांनी सा लावला.

मला गाण्यातलं कळत नाही, हे पुन्हा सांगते. पण जिन्यावरून उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं मला झालं. बुवांनाही झालं असावं. ते थांबले.

"तंबोरा उतरलाय."

"बघतो, बुवा." हेरंबने तारा छेडल्या, खुंटीला हात लावल्यासारखं केलं. लावला मात्र नाही. ते मी बघितलं. "आता?"

बुवांनी पुन्हा सा लावला आणि पुन्हा तसंच. मग त्यांनी स्वतः पुढे होऊन खुंट्या पिळल्या. पिळता पिळता तंबोरा खरोखरच बिघडला. आता माझ्यासारखीलाही ते ऐकवेना.

"कुणी हात लावला याला?" बुवांचा आवाज चढला. "हेरंबा, तंबोऱ्याला कुणी हात लावलाय!"

"लागला असेल, बुवा. पोरं येतात क्लासला. मी रात्रीतून तारा, जवारी सगळं बघून ठेवतो."

"आज गळा नाही. मला घरी सोडा."

दाराशी चपला घालताना बुवा मला म्हणाले, "बाई, मुलाचा फोन होता. लवकर येतोय तो न्यायला. राहिलं तर राहिलं. हेरंबाकडे आहेच सगळं."

मी हेरंबच्या चेहऱ्यावर आनंद शोधला. दिसला नाही. म्हणजे लपवलाय, असं मी मनात लिहून घेतलं. तंबोऱ्याला हात लावायला त्या खोलीत दुसरं होतं कोण?

मी तडक मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर सबनीस यांच्या दवाखान्यात गेले. दातांचे डॉक्टर. एका पेशंटचं तोंड उघडं ठेवून बाहेर आले.

"रेकॉर्डिंगला दुसरा माणूस बघा," मी म्हणाले. "हेरंब हे काम पुरं होऊ देणार नाही."

"काहीतरीच काय, आरवाडेबाई! एकुलता एक शिष्य आहे बुवांचा."

"म्हणूनच."

सबनीसांनी हातातलं आरशाचं चिमुकलं हत्यार खिशात ठेवलं. ते त्यांचं विचार करणं असायचं. "पुरावा आहे?"

"आणते."

*

बुवा पाचच्या सुमाराला यायचे. मी चार वाजायच्या आधीच मंडळात पोचले. पुढचं दार बंद होतं, पण किल्ली माझ्याकडेही असायची. हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि मला तो हुंकार ऐकू आला. मगदुमाच्या काउंटरवरचाच.

मी चपला हातात घेतल्या.

मागच्या खोलीत कॉम्प्युटर पुन्हा मंचाला टेकला होता. त्याचं एका बाजूचं झाकण उघडून सतरंजीवर ठेवलेलं. शेजारी स्क्रू ड्रायव्हर. माझ्या तीन महागड्या पंख्यांपैकी दोन आत जागेवर होते, तिसरा सतरंजीवर पडला होता आणि त्याच्या जागी तो सात पात्यांचा काळा. हेरंब मंचावर पालथा पडला होता. एक कान फळीला. एका हातात वायरीला जोडलेलं ते वेगाचं बटन, दुसरा हात तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेवर. तार छेडायचा, बटन केसभर फिरवायचा, पुन्हा छेडायचा.

"हेरंब."

मला वाटलं होतं, दचकेल. त्याने फक्त बटनाचा हात वर केला.

"एक मिनिट, बाई. अजून थोडा वर आहे."

"काय वर आहे?"

"पंखा. याच्याखाली बटन येत नाही." त्याने पुन्हा कान लावला, मग उठून बसला. "राहू दे. तंबोराच किंचित वर घेतो."

"खाली उतर."

तो उतरला. मी सगळं बोलले. वायरचं वेटोळं, दुकानातली तोंडदेखली कारणं, पाटीवर लिहिणारा भाऊ, न लावलेला हात, जमेची बाजू. वर्गात बोलावं तसं बोलले, आणि तोही वर्गात उभा राहावा तसा उभा होता.

"तुला या चिजा बाहेर जाऊ द्यायच्या नाहीत. सरळ सांग ना. हक्क आहे तुझा, शिकलास तू. पण म्हाताऱ्याच्या आवाजात भुणभुण कालवून कशाला ठेवतोस?"

त्याने बटन डब्यात सरकवलं. मग म्हणाला, "बाई, माझ्या गळ्यात आल्या त्या चिजा माझ्यासारख्या झाल्या. मला त्या बुवांसारख्याच राहायला हव्या आहेत."

"मग हे काय चाललंय?"

"बुवा येतील आता. तुम्ही इथे मंचाच्या कडेला बसा. नंतर डॉक्टरांना जे सांगायचं ते सांगा. मी अडवणार नाही."

त्याने झाकण लावलं. तंबोऱ्याच्या खुंट्या किंचित पिळल्या, आणि मग, माझ्या लक्षात आलं नाही कशासाठी, त्याने तंबोरा पुन्हा खोळीत घालून लांब भिंतीशी उभा केला.

बुवांची काठी हॉलमध्ये वाजली. ते आले, मंचावर चढले. आदल्या दिवसाचा राग अजून चेहऱ्यावर होता. माझ्याकडे बघून म्हणाले, "आज खजिनदारीणबाई मंचावर? गाणार आहात काय?"

"ऐकणार आहे."

"म्हणजे आज कानाची परीक्षा आहे."

ते बसले. उजवा तळवा फळीवर टेकवला. बोटं हळूहळू पसरली. मान सरळ झाली, खांदे खाली आले. भूक लागलेल्या माणसासमोर ताट यावं तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर आलं.

"हं," बुवा म्हणाले. "आज तंबोरा चांगला लागलाय, हेरंबा."

हेरंबने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं. तंबोरा खोळीत होता.

"हो, बुवा," हेरंब म्हणाला, आणि तंबोऱ्याकडे गेला.

मी माझा हात माझ्या बाजूच्या फळीवर ठेवला. लाकडात बारीक, एकसारखी थरथर होती. तळव्यातून मनगटापर्यंत येत होती. ती आजवर माझ्या लक्षात कशी आली नव्हती, कोण जाणे. मी आवाज ऐकत होते, आणि तो ऐकायचा नव्हताच.

बुवांनी सा लावला. पायरी जिथे हवी होती तिथे होती.

त्या संध्याकाळी खेमनटातली ती चीज पुरी झाली. पाठोपाठ आणखी तीन. बुवा थांबायला तयार नव्हते.

*

बुवांना रिक्षात बसवून हेरंब परत आला. मी अजून मंचाच्या कडेलाच होते.

"केव्हापासून?"

"दोनेक वर्षं. तंबोऱ्याच्या वरच्या तारा त्यांना ऐकूच येत नाहीत. बोलणं कळतं, ओठ बघतात. सूर निसटतो."

"कानाचं यंत्र?"

"मी एकदा सुचवलं. महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मुलाला सांगितलं, हेरंब मला बहिरा म्हणतो."

"तो इलेक्ट्रॉनिक तंबोरा असतो ना, तो मोठ्याने लावून मंचावर ठेवायचा."

हेरंब हसला. "बाई, त्या डब्यावर बुवा जन्मभर जे बोललेत, ते तुमच्यासमोर सांगता येणार नाही. तो मंचावर बघितला तर मंच पेटवतील."

"मग हे सुचलं कसं तुला?"

"सुचलं नाही. घडलं. घरी शिकवायला बसले की सूर हलायचा, आणि इथे आले की पक्का. मला कळेना. मग एकदा कॉम्प्युटर बंद पडला आणि त्याच क्षणी बुवांचा सा घसरला. ते थांबले, मी यंत्र बंद पडल्याचं निमित्त केलं. जुना पंखा योगायोगाने त्यांच्या पट्टीच्या जवळ बोलत होता. काळी एक." हार्मोनियमवर बोट ठेवावं तसं त्याने हवेत बोट ठेवलं. "मग मी डबा मंचाला टेकवला."

म्हणजे कॉम्प्युटर बंद पडला की बुवा पाठमोरे असून लगेच थांबायचे, ते त्यासाठी.

"त्यांना माहीत आहे?"

"मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही."

मला एक शेवटचा मार्ग दिसला. "ती भुणभुण मागाहून काढून टाकता येते म्हणतात. कॉम्प्युटरवर सोय असते."

"असते. पण पंखा बुवांच्या सावर आहे, बाई. दोघं एकाच घरात राहतात. एकाला बाहेर काढायला गेलं की दुसराही उठून जातो. मी करून बघितलं. बुवांचा सा पोकळ होतो, तंबोरा मरतो."

"म्हणजे ती कायमची राहणार."

"हो."

"आणि लोक म्हणणार, कागवाडेला रेकॉर्डिंगमधलं काही कळत नाही."

हेरंबने स्क्रू ड्रायव्हर उचलून डब्यात ठेवला. पुण्यातल्या एका स्टुडिओत त्याचं नोकरीचं बोलणं चालू होतं, हे मला माहीत होतं. नमुना म्हणून तो बुवांचं हेच काम पाठवणार होता.

"दुसरं काही पाठव त्यांना," मी म्हणाले.

"दुसरं केलंय कुठे? दोन वर्षं इथेच होतो."

निघताना मी पर्स उघडली. "त्या पंख्याचं किती झालं ते सांग. मंडळाच्या कामाला लागला, मंडळ देईल."

"नको. पावतीवर काय लिहाल?" तो म्हणाला. "आणि सबनीस विचारतील, गप्प पंखे घेतलेत तर हा कशाला?"

एवढं बुककीपिंग मी त्याला शिकवलं होतं खरं.

दुसऱ्या दिवशी सबनीसांनी विचारलं, "पुरावा मिळाला?"

"मिळाला. हेरंबचा काही दोष नाही. कॉम्प्युटर आवाज करतो, कारण तो जुना, दानातला आहे. नवा घ्यायचा खर्च मीच आवरला."

सबनीसांनी सुटकेचा श्वास सोडला. त्यांना हे कारण सहज पटलं. मिरजेत कुणालाही पटलं असतं.

*

काम पुरं झालं. थंड ठेवायचं काम दोन गप्प पंख्यांनी केलं आणि बोलायचं काम तिसऱ्याने. आमच्या कार्यकारिणीतही साधारण अशीच वाटणी होती. बुवा बडोद्याला गेले, आणि तिथेच काही वर्षांनी गेले. मुलाने फोनवर सांगितलं, शेवटी शेवटी ते गात नव्हते, म्हणायचे इथल्या तंबोऱ्यात काही जीव नाही.

पुण्याच्या स्टुडिओने हेरंबला दोन ओळींचं उत्तर पाठवलं. गायन दुर्मीळ, ध्वनिमुद्रण सदोष. तो मिरजेत राहिला, शाळेत संगीतशिक्षक म्हणून लागला. चिजा मात्र पसरल्या. धारवाडला गेल्या, मुंबईला गेल्या, परदेशातून कुणी कुणी मागवल्या. आता त्या गायला हेरंबला बोलवायची कुणाला गरज उरली नाही.

मागच्या हिवाळ्यात आमच्याच मंडळात एक तरुण गायक आला होता. बुवांची खेमनटातली ती चीज गाणार होता. तंबोरा लावून झाला तरी त्याचं समाधान होईना.

"किंचित वर घ्या," तो तंबोऱ्यावरच्या मुलीला म्हणाला, आणि मग श्रोत्यांकडे वळून, "विश्वंभरबुवांचा सा काळी एकच्या केसभर वर असायचा. ते त्यांचं वैशिष्ट्य. रेकॉर्डिंगमध्ये कायम तसाच आहे."

लोकांनी माना डोलावल्या. सबनीसांनी सगळ्यांत जास्त. माझ्या शेजारी हेरंब बसला होता. केस पांढरे झाले होते. त्याने मान डोलावली नाही, हसलाही नाही. त्याचा उजवा तळवा खुर्चीच्या लाकडी हातावर टेकलेला होता.

मध्यंतरात बाहेरगावचे एक रसिक गृहस्थ चहाचा कप घेऊन आमच्याजवळ आले. "काय ठेवा जपलाय तुमच्या मंडळाने! फक्त रेकॉर्डिंग तेवढं... सारखी भुणभुण हो मागे. कुठल्या गाढवाने केलं होतं?"

मी तोंड उघडलं. हेरंबने आधी उत्तर दिलं.

"होता एक इथलाच," तो म्हणाला. "साखर घ्या ना, कमी आहे का?"

गृहस्थ गेल्यावर मी म्हणाले, "सांगायचं होतंस, खजिनदारीण कंजूष होती म्हणून. माझं त्यात काही नवीन जात नाही."

"तुमच्या खात्यावर फार झालंय, बाई," तो म्हणाला.

तर शेवटची बेरीज अशी. बुवांचा सा राहिला. गाणाऱ्यांना चिजा मिळाल्या. मंडळाला नाव मिळालं, आणि मला जे मिळालं ते आधीपासूनच माझ्याकडे होतं. मंडळाच्या त्या वर्षीच्या खर्चात तीन पंखे आहेत. तिन्ही गप्प. जो बोलला, तो मंडळाच्या खर्चात नाही. तो हेरंबने घेतला होता.